रुसव्याची घळ

घळीच्या तोंडाशी धाकूतात्यांनी मला हाताने अडवलं आणि आत तोंड करून तीनदा हाक मारली, "हाय का गं कुणी?" प्रत्येक हाकेनंतर ते कान देऊन थांबले.

"तात्या, वटवाघळं ओ देत नसतात," मी हसले.

"रीत हाय, बाई. आत साळिंदर शिरलं की तोंडाशी धूर करत्यात. त्याआधी तीन हाका द्यायच्या."

आत मी बॅटरीच्या उजेडात खडकाचे थर पाहत होते आणि तात्या नावाची गोष्ट सांगत होते. देवी बापावर रुसून इथे येऊन बसली, म्हणून ही रुसव्याची घळ. गावाच्या माहितीफलकासाठी मी ती लिहून घेतली.

डोंगर उतरताना, सोबत आलेल्या त्यांच्या सुनेने मला मागे थांबवलं. "देवी कसली, ताई? माझी नणंद ती. जत्रेला नेलं नाही म्हणून आत लपली होती. मामंजींनी साळिंदरासाठी घाईत धूर केला, पोर आतच गुदमरली. त्यांच्यापुढं तिचं नाव नको, म्हणून गावानं देवी केली. आता तेही तीच गोष्ट खरी मानत्यात."

मघाचं हसणं आठवून मला तात्यांकडे बघवेना. पारावर टेकल्यावर त्यांनीच विचारलं, "काय लिवलंस?"

"देवी रुसली, एवढंच."

ते घळीकडे वळले.

"आणखी एक वळ लिव. देवीच्या बापानं हाक एकदाच मारली."