'बोरसुक' पाणबुडीची युद्धसेवा

युद्ध संपलं. मे महिन्यातल्या एका दुपारी रेडिओवर नाचाची गाणी मध्येच थांबवून तसं सांगितलं. पोलंड जिंकलेल्या बाजूला आहे, हेही सांगितलं. 'बोरसुक' पाणबुडीवर कुणीतरी रेडिओ बंद केला आणि राहिलेले बटाटे सोलायला घेतले. 

आता जुलै उजाडला होता, आणि खलाशांवरचा तांडेल ओनुफ्री अजूनही रोज सकाळी डेकवर पोलंडचं निशाण चढवत होता.

बोरसुकची युद्धसेवा थोडक्यात आटोपते. एकोणचाळीसच्या सप्टेंबरात जर्मन विमानांनी तिला बाल्टिकमध्ये इतकं झोडपलं की टाक्यांतून तेल गळायला लागलं. माघारी फिरावं तर बंदर उरलं नव्हतं. म्हणून ती स्वीडनला लागली. स्वीडन तटस्थ. त्यांनी कायद्याप्रमाणे युद्ध संपेपर्यंत बोट आणि माणसं अडकवून ठेवली, धक्क्याभोवती काटेरी तार मारली आणि तोफेचा मागचा लोखंडी ठोकळा काढून गुदामात टाकला. ठोकळ्याशिवाय तोफ म्हणजे नुसती नळी. त्यानंतरच्या सहा वर्षांत बोरसुकने एकच जलयान बुडवलं. ते गावच्या पाद्रीबाबांचं होडकं होतं, आणि दोर बोरसुकचाच सुटला होता.

सोमवारी कमांडर सेवेरिनने ओनुफ्रीला खाली बोलावलं.

"तांडेल, गुरुवारी वॉर्साच्या नव्या सरकारची माणसं येतायत. बोट ताब्यात घ्यायला."

"आणि आपण?"

"ज्याला घरी जायचंय त्याने त्यांच्याबरोबर जायचं. तुमचं घर ल्वूफला ना?"

"घर तिथंच आहे, साहेब. देश सरकला."

ते खरंच होतं. नव्या नकाशात पोलंड उचलून पश्चिमेला ठेवला होता. ओनुफ्रीची गल्ली, त्याचा न्हावी आणि त्याच्या बायकोची कबर रशियात राहिली होती. ज्या देशाची त्याने शपथ घेतली, त्यातला आता हा डेक तेवढा शिल्लक होता. तो गेला की संपलं.

"इंग्लंडला जाता येईल," सेवेरिन म्हणाला. "बोट सोडून."

"बोट सोडून नको."

"मग बुधवारी. दुपारी, हे गावातले लोक जेवायला बसले की. टुरेसनचं तुम्ही बघा."

टुरेसन म्हणजे सहा वर्षं त्यांच्यावर पहारा करणारा स्वीडिश हवालदार. मंगळवारी ओनुफ्री गेला तेव्हा तो घरच्या कपड्यांत गळ टाकून बसला होता. ओनुफ्रीने त्याच्याजवळ बटाट्याच्या दारूची बाटली ठेवली.

"उद्या दुपारी जरा आमच्याकडे बघू नकोस."

"तुमच्यात बघण्यासारखं आहे काय? सहा वर्षं बघतोय."

"बंदूक कुठे असते तुझी?"

"कपाटात. का रे?"

"असू दे. विचारलं आपलं."

बुधवारी गाव जेवायला बसलं. ओनुफ्री आणि खानसामा हिपोलित यांनी एक जड पेटी उचलली, वर बटाट्याची पोती टाकली आणि धक्क्यावरून चालू लागले. पेटी गुदामाच्या दारात अडकली.

"पोट आत घे की जरा."

"आतच आहे हे, तांडेल. उरलेलं बाहेर."

पेटी सुटली. पलीकडे तारेपाशी दोन खलाशी पालथे पडले होते. पक्कड कचकचत होती.

"आवाज कमी करा," ओनुफ्री म्हणाला. "सगळं गाव गोळा कराल."

हिपोलितला घाम फुटला होता. "आणि पकडलं तर?"

"पकडलं तर काय. तुरुंगात टाकतील."

"नक्की?"

ओनुफ्रीने पेटीवरची पोती सारखी केली. असल्या बाबतीत नक्की काय असतं?

गुरुवारी सकाळी मोटार आली. वॉर्साची माणसं उतरली, आणि त्यांच्या मागोमाग स्वीडिश अधिकारी. तो दोन पावलं चालला आणि थबकला. मे महिन्यात त्याने स्वतः काढून टाकलेली काटेरी तार धक्क्याभोवती पुन्हा ताणून बसवलेली होती. त्याने सलाम ठोकून परत केलेला तोफेचा ठोकळा पेटीसकट पुन्हा गुदामात होता आणि गुदामाला कुलूप होतं. फाटकालाही कुलूप होतं. किल्ली बाहेर उभ्या टुरेसनच्या खिशात होती. त्याच्या अंगात घरचा सदरा आणि खांद्याला बंदूक होती. त्याची नजर जमिनीवर होती. तारेच्या आत बोरसुकची सगळी माणसं रांगेत उभी होती. ओनुफ्री एक पाऊल पुढे आला, त्याने टोपी सरळ केली, आणि रात्रभर घोकलेलं वाक्य न अडखळता म्हटलं, "सबब, सदर पाणबुडीपुरते युद्ध अद्याप संपलेले नाही असे मानून आम्हां सर्वांना पूर्ववत कैदेत ठेवण्यात यावे, ही नम्र विनंती."