शंखाचा ताबा

"आधी सही, मग किल्ली," शंखोबा म्हणाले. संग्रहालयात या जुन्या अभिरक्षकांना सगळे शंखोबाच म्हणत.

"न बघताच सही करू, सर?" नव्या अभिरक्षक बाईंनी विचारलं.

"काचेतून बघा की. बंदी थोडीच आहे!"

काचेच्या कपाटात, मंद दिव्याखाली तो शंख होता. जिथे उजेडही पोचत नाही अशा खोल समुद्रातल्या गोगलगायीचा. तोंडाशी लांब चीर, अंगावर तांबूस पट्टे. देशात एकच. कपाटाची किल्ली फक्त ताबा असलेल्याकडे राहील आणि ताबा फक्त सहीनेच मिळेल, असा नियम होता. नियम कुणी केला हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे तो बदलताही येत नव्हता.

शंखोबांनी हा शंख एकवीस वर्षं डोळ्यांत तेल घालून जपला होता. संशोधकांना परत पाठवलं, फोटोवाल्यांना हाकललं. कपाट पुसायचं तेही स्वतःच. निवृत्तीचं वय उलटून तीन वर्षं झाली, पण ताबा घ्यायला कुणी येईना आणि ताबा दिल्याशिवाय सुटका होईना. बायको कंटाळून लेकीच्या गावी राहायला गेली. "गोगलगायीशीच संसार करायचा होता, तर मला कशाला आणलंत?" असं फोनवर विचारायची. आज दुपारच्या गाडीचं तिकीट शंखोबांच्या खिशात होतं.

'अस्सल शंख सुस्थितीत मिळाला,' या ओळीखाली बाईंनी सही केली. शंखोबांनी फुंकर मारून शाई वाळवली, कागद बाहेर शिपायाच्या हाती दिला, आणि मगच किल्ली पुढे केली.

बाईंनी कपाट उघडलं. शंखाला भिंग लावलं. चिरेच्या आतल्या कडेला हवेचा बारीकसा बुडबुडा होता. असे बुडबुडे समुद्रात येत नाहीत, साच्यात येतात.

"सर, हे प्लास्टर आहे!"

"हळू बोला."

"मी आत्ताच्या आत्ता वर कळवते."

"कळवा ना. अस्सल मिळाला असं तुम्हीच लिहून दिलंय. मग तो गेला कुठे, हेही तुम्हालाच विचारतील."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "तुम्हाला कधीपासून माहीत आहे हे?"

"मी सही केली, त्याच्या चौथ्या दिवशी कळलं." शंखोबांनी पिशवी खांद्याला लावली. "तुमची नजर फारच तेज आहे हो. मी तेव्हा आधीच्या साहेबांना फोन केला, तर ते म्हणाले, 'शाब्बास! मला महिना लागला होता.'"