पहिलं झाड

दरेकशाच्या जंगलात पांढरी मुसळी या औषधी वनस्पतीची गणती करायला आलेल्या पटले मॅडम तीन दिवस म्हाताऱ्या यादोरावांच्या मागे डोंगर तुडवत होत्या. एकही झाड सापडलं नाही, तर अहवालात 'इथून नामशेष' असं लिहावं लागणार होतं. याच डोंगरातून एके काळी पोती भरभरून मुसळी खोदून नेणारे यादोराव वाट दाखवत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी खडकाच्या आडोशाला एक झाड दिसलं. यादोरावांनी वहाणा काढल्या आणि हात जोडले.

"पयलं दिसलेलं झाड आमी खोदत नाई, मॅडम. हात जोडून सोडून देतो. बापजाद्यापासूनची रीत होये."

"सगळे पाळायचे?"

"गावात एकानं बी मोडली नाई."

मॅडमचा चेहरा उजळला. "मग काका, दर वर्षी प्रत्येकानं एक तरी झाड सोडलंच असेल की! ती सगळी कुठे आहेत? तिकडेच जाऊ."

यादोरावांचे जोडलेले हात सुटेनात.

"माही बायको अन्नपूर्णा पुढं चाले. पयलं झाड दिसलं का हात जोडून सोडून देये. मी तिच्या मांगं. माहं पयलं, तिले न दिसलेलं, मी अलीकडंच सोडून आलेला राहो. ते माह्या मांगचा खोदे." ते खाली बघत राहिले. "अन् तिनं सोडलेलं मी खोदो. माह्यासाठी ते दुसरं होतं ना."