पहिल्या जागेची मानकरी

"पहिली जागा हिचीच," भाऊंनी बजावलं आणि रेकॉर्ड दोन्ही तळव्यांवर तोलून धरली. "बाकीच्यांनी मागे रांग लावायची."

मागे भिंतभर रांग होतीच. सिनेमातली गाणी, वाद्यवृंद, गझला. एवढ्या गर्दीत शास्त्रीय अशी ही एकच, तीही जुन्या बाजारातून आलेली. मधल्या कागदाचा पार भुगा झालेला. त्यामुळे गाणाऱ्या बाईंचं नाव भाऊंना आजवर कळलं नव्हतं.

ते सांगायला आज एक निवृत्त ध्वनिमुद्रक आले होते. भल्याभल्यांचे गळे त्यांच्या कानाखालून गेले होते. भाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"मुलगी बघायला निघाल्यासारखा दिसतोयस," चहा ठेवत धाकटी बहीण म्हणाली. "साहेब, हिच्यापायी यानं चांगली चांगली स्थळं परत पाठवली. म्हणे, असा आवाज असेल तरच सांगा."

"हयात नसणार, ठाऊक आहे मला," भाऊ म्हणाले. "पण नाव तरी कळू दे. इतकी वर्षं नुसतं 'अहो' म्हणतोय."

बहिणीला हसू आलं होतं, ते तिनं पदरात पुसलं.

भाऊंनी ग्रामोफोनला चावी दिली. कोवळा, चढा आवाज खोलीत पसरला. भाऊंनी डोळे मिटले.

ध्वनिमुद्रकांनी मान तिरकी केली. "तबला जरा घाईत वाटतो."

"तिला थांबणं माहीतच नाही."

"श्वासही तोकडे आहेत."

"नाजूक असणार हो!"

ध्वनिमुद्रकांनी चहाचा कप खाली ठेवला. बराच वेळ ते भाऊंच्या मिटल्या डोळ्यांकडे बघत राहिले.

"ओळख पटतेय मला. पण भाऊ, राहू द्यायचं का? नावाशिवायही छान चाललंय की तुमचं."

"छान कसलं? रोज भेटते आणि ओळख देत नाही. सांगून टाका साहेब."

"बरं. त्या काळी सगळ्या कंपन्या एकाच वेगानं मुद्रण करत नसत," ते हळूच म्हणाले. "काही रेकॉर्डी पुष्कळ सावकाश वाजवाव्या लागतात."

"मग वाजवा ना! तेवढीच जास्त वेळ थांबेल."

ध्वनिमुद्रकांनी वेगाचा स्क्रू अलगद मागे फिरवला. भाऊ डोळे मिटूनच पुढे झुकले, आणि कर्ण्यातून एका धिप्पाड पुरुषाचा भरघोस खर्ज बाहेर आला.