वेग जरा कमी

यान पुन्हा दगडावर आपटलं आणि डॉक्टरांनी कंट्रोलर सोफ्यावर टाकून दिला.

“संपलं,” ते म्हणाले. हे गेमबद्दल की स्वतःबद्दल, ते बाईंनी नवऱ्याला विचारलं नाही. विचारायची हिंमतच नव्हती.

डॉक्टर डोळ्यांचे. उभा जन्म लोकांचे मोतीबिंदू काढण्यात गेला. मग पक्षाघाताचा हलका झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजव्या हाताची थरथर तेवढी मुक्कामाला राहिली. कामावर परत गेले त्या पहिल्याच दिवशी ऑपरेशन अर्ध्यात थांबवून सुरी ज्युनिअरच्या हातात द्यावी लागली. घरी आले ते गप्प झाले. एकदा तर गच्चीच्या कठड्याशी इतका वेळ उभे राहिले की बाईंनी त्यांना दंडाला धरून खाली आणलं. हा माणूस आपल्या हातून जातोय, असं त्यांना रोज वाटायचं.

लेक परदेशी जाताना तिचा कन्सोल घरात ठेवून गेली होती. त्यावर जुने गेम डाउनलोड करता येतात, हे डॉक्टरांना अचानक समजलं. त्यांच्या कॉलेजच्या काळातला एक गेम त्यांनी हुडकून काढला. छोटंसं यान, अरुंद बोगदा, दोन्ही बाजूंनी दगड. हात जरा हलला की खेळ खलास. हॉस्टेलसमोरच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये त्या मशीनवर सगळ्यात वरचा स्कोअर ह्यांचा असायचा. लग्न झाल्यापासून बाईंनी हे इतक्यांदा ऐकलं होतं की तो आकडा त्यांना पाठ होता.

आता पहिला बोगदाही पार होत नव्हता.

बाईंनी लेकीला फोन लावला.

“आई, मेनूमध्ये जा,” लेक म्हणाली. “हल्लीच्या डाउनलोडमध्ये वेग कमी करायची सोय असते. एकदम नको करूस. जरासाच. बाबांना पत्ता लागणार नाही.”

“फसवल्यासारखं नाही का होत गं?”

“काहीतरीच काय, गेम आहे तो.”

डॉक्टर आंघोळीला गेले तेव्हा बाईंनी टीव्हीला नाक लावून ते बटण शोधलं. नाक लावावंच लागायचं. लहानपणी चेंडू लागून त्यांचा उजवा डोळा गेला होता आणि ज्या डाव्यावर सगळा कारभार, त्यात आता मोतीबिंदू पिकत आला होता. डॉक्टरांच्याच घरचं दुखणं, म्हणजे रांगेत शेवटी. बाईंची त्याबद्दल तक्रार नव्हती. नवरा आधी माणसात येऊ दे, मग डोळ्याचं बघू, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्या संध्याकाळी यान बोगद्यातून सुटलं.

“अगं ए, बघितलंस का?” डॉक्टर म्हणाले. किती दिवसांनी त्यांनी आपण होऊन हाक मारली होती. रात्री त्यांनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला आणि बाई स्वयंपाकघरात जाऊन गुपचूप रडल्या.

मग ते चालूच राहिलं. डॉक्टर कुठे अडले की बाई दुसऱ्या दिवशी वेग आणखी एक घर खाली आणायच्या. डॉक्टर पुढे सरकायचे.

“पार्लरात भलताच वेगात वाटायचा हा गेम,” ते एकदा म्हणाले.

“तेव्हा पडदा वीतभर होता. आता मोठा आहे, सगळं नीट दिसतं,” बाई म्हणाल्या. थाप इतकी सहज तोंडातून आली की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

डॉक्टर दाढी पुन्हा रोज करायला लागले. सकाळी दवाखान्यात जाऊन बसायला लागले. “नुसताच तपासायला जातो, बाकी सगळं तो ज्युनिअर करतो,” म्हणायचे. बाईंना तेवढंही पुष्कळ होतं.

एका रविवारी त्यांनी चहाच्या कपावर हात आडवा धरला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले.

“खरं सांग हं. थरथर कमी झालीय ना?”

बाईंना आताशा कपही धड दिसत नव्हता, तिथे हाताची थरथर कुठली दिसायला. पण नवऱ्याच्या आवाजातली आशा त्यांना स्पष्ट ऐकू आली.

“कितीतरी कमी झालीय हो,” त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात हॉस्टेलचा आकडा मोडला. डॉक्टरांनी कंट्रोलर हळूच खाली ठेवला, बाईंचा हात हातात घेतला आणि लहान मुलासारखे रडले. बाईंनी मनातल्या मनात लेकीला शंभर आशीर्वाद दिले.

“आता तुझा डोळा उरकून टाकू,” डॉक्टर डोळे पुसत म्हणाले. “माझ्या ह्या भानगडीत तुझं राहूनच गेलं. उद्याच ज्युनिअरशी बोलतो.”

ऑपरेशनच्या दिवशी ते सकाळपासून शीळ घालत होते. दवाखान्यात त्यांनी बाईंना दारापर्यंत हाताला धरून नेलं. “मुंगी चावल्याइतकंही कळणार नाही,” असं सांगून ते मागे राहिले.

आत ज्युनिअरनं डोळ्यात थेंब घातले आणि चेहऱ्यावर हिरवं कापड ओढलं. त्याच्या भोकातून बाईंना फक्त उजेडाचा एक गोळा दिसत होता.

“काकू, आता डोकं अजिबात हलवायचं नाही,” तो म्हणाला. “खोकला आला तरी आधी सांगायचं.”

बाई निवांत पडून राहिल्या. घरी गेल्यावर नवऱ्याचा चेहरा आधी नीट बघायचा, एवढंच त्यांच्या मनात होतं. डोळ्यावर दाब आला. काहीतरी आत शिरल्यासारखं वाटलं. दुखलं मुळीच नाही. कपाळावर टेकलेला हात मात्र बारीक थरथरत होता. पोरगा अजून नवखा आहे, सरांच्या बायकोचा डोळा म्हणून बिचकला असेल, असं बाईंना वाटलं आणि त्याची जरा कीवच आली.

“हलू नकोस हं,” अगदी जवळून डॉक्टरांचा आवाज आला. “सुरी आत आहे. आकडा मोडला त्याच दिवशी मी ठरवलं होतं, पहिला पेशंट तूच.”