दवाची नोंद

शुभांगीने आकाशवहीत दोनच शब्द लिहिले होते : ‘दिसलं नाही.’ आणि त्या दोन शब्दांवर अकरा जणांनी अकरा सल्ले दिले होते.

धम्मानंद सोमवारी सकाळचा चहा घेत ते सल्ले फोनवर वाचत होते. आकाशवही म्हणजे हुबळीपासून सांगलीपर्यंतच्या हौशी आकाशवेड्यांचा ऑनलाइन ग्रुप. रात्री दुर्बिणीतून जे पाहिलं त्याची नोंद सकाळी तिथे टाकायची आणि इतरांच्या वाचायच्या. धम्मानंद रेल्वेच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, राहायला हुबळी-धारवाडच्या मधे नवनगरात. ग्रुपात सगळ्यात जुने, म्हणून सगळ्यांचे अण्णा. ग्रुपच्या माथ्यावरचा नियमही त्यांचाच : ‘दिसलं ते लिहा. पुस्तकात आहे म्हणून लिहू नका.’

कृत्तिकांच्या पुंजक्यात एका ताऱ्याभोवती फिकट तेजोमेघ असतो. भल्याभल्यांना हुलकावणी देणारा. शनिवारी रात्रीची अण्णांची नोंद होती : ‘दिसला. धूसर, पण नक्की.’ रविवारी दुपारपर्यंत तो आणखी अकरा जणांना दिसला, तोही शनिवारच्याच रात्री. अण्णांची री ओढायला दुर्बीण लागतेच असं नाही.

एकट्या शुभांगीला तेवढा तो दिसला नव्हता. अळणावरजवळच्या खेड्यात ती अंगणवाडी चालवायची. ग्रुपात येऊन तिला चारच महिने झाले होते. हुबळीच्या देशपांडे नगरात औषधांचं दुकान असलेल्या महादेवांनी तर तिची शिकवणीच घेतली होती : ‘ताई, डोळ्यांना सवय लागावी लागते. मला बघा, पहिल्या नजरेत दिसला.’

सल्ले वाचून झाले आणि शुभांगीचा वेगळा निरोप आला, फक्त अण्णांना. ‘अण्णा, रागावू नका हं. मलापण आधी दिसलं होतं. मग शेजारच्या ताऱ्यांकडं बघितलं, तर सगळ्यांभोवती तसंच. काच पुसली, गेलं. दव होतं. तुमचं तसं नसणारच. एवढी सगळी म्हणालेत तर माझंच चुकलं असेल. अंगणवाडीतनं आले की नोंद पुसून टाकते.’

धम्मानंदांना आधी रागच आला. तीस वर्षं दुर्बीण घासली, आणि चार महिन्यांची पोर दव शिकवते. तिला पुरावाच द्यावा म्हणून त्यांनी गच्चीवर न्यायची वही काढली आणि शनिवारचं पान उघडलं.

पान पापडासारखं वाकडं झालं होतं. ‘दिसला’ या शब्दाची शाई फुटून अक्षरांभोवती पसरली होती. एकाच शब्दाची नव्हे, पानावरच्या सगळ्याच शब्दांची. शुक्रवारचं पान मात्र कोरडं, अक्षर न् अक्षर सुटं.

त्यांना ती रात्र आठवली. शेजारचे तारे बघायचे असतात हे त्यांनीच ग्रुपला कितीदा तरी सांगितलं होतं. पण इतक्या वर्षांनी तेजोमेघ दिसला म्हटल्यावर त्यांनी दुर्बिणीवर कापड टाकलं, जिना उतरले आणि झोपलेल्या सुमनबाईंना उठवून सांगितलं. बायकोला झोपेतून उठवण्याइतका आनंद झाला होता. त्या आनंदाची आता लाज वाटली.

“काय झालं री? चहा गार झाला,” कन्नडमधला आदराचा ‘री’ लावत सुमनबाई आतून आल्या.

त्यांनी पान दाखवलं, निरोप वाचून दाखवला.

“गप बसा की. तुम्हाला कोण विचारायला आलंय? हात दाखवून अवलक्षण कशाला?”

“ती पोरगी खरं लिहिलेलं पुसायला निघालीय, सुमन. माझं चुकीचं तसंच राहणार.”

सुमनबाईंनी पान पुन्हा एकदा पाहिलं. कप उचलला. “मग ती घरी यायच्या आत लिहा. अंगणवाडी एकला सुटते.”

धम्मानंदांनी पानाचा फोटो काढला आणि खाली लिहिलं : ‘शनिवारची माझी नोंद चुकली. तो तेजोमेघ नव्हता, काचेवरचं दव होतं. शाईसुद्धा फुटली आहे, बघा. शुभांगीची नोंद बरोबर. ती तिने तशीच ठेवावी.’ पाठवायच्या खुणेवर बोट बराच वेळ तसंच राहिलं. मग त्यांनी ते टेकवलं आणि फोन पालथा ठेवला.

अर्धा तास गेला. मग कोल्हापूरहून आलं, ‘माझ्याही काचेवर दव असावं.’ पाठोपाठ सांगली, निपाणी, बेळगाव. एक वाजेपर्यंत दहा दुर्बिणींवर दव पडून गेलं होतं. त्या मुलखात एका रात्रीत इतकं दव पूर्वी कधी पडलं नसेल. सव्वाला शुभांगीचा निरोप आला : ‘बरं अण्णा. ठेवते.’

राहिले महादेव. संध्याकाळी त्यांचा फोन आला. मागे दुकानात कुणीतरी कन्नडमधून खोकल्याचं औषध मागत होतं.

“अण्णा, माझ्या नोंदीचं काय करू?”

“तुमच्या काचेवर दव होतं?”

महादेवांनी गिऱ्हाइकाला औषध दिलं, खोकल्यावर दोन शब्द सांगितले, मग आवाज खाली आणला. “शनिवारी दुर्बीण पेटीतच होती री. पाहुणे आले होते. तुम्हाला दिसला म्हटल्यावर मला वाटलं…”

धम्मानंद हसले नाहीत. “मग तेच लिहा.”

थोड्या वेळाने आकाशवहीत शुभांगीच्या ‘दिसलं नाही’च्या खाली महादेवांची नोंद आली. तीही दोनच शब्दांची.

‘पाहिलंच नाही.’