आशीर्वादाचा रफार

“पुन्हा आर्शिवाद!” पेंटरने कपाळावर हात मारला. “ठके, निम्म्या बाजाराच्या पाट्यांवर तुझ्या बापाने आशीर्वाद रंगवलाय. आणि तू रोज तिथंच माती खातेस?”

ठकीने मान खाली घातली. पेंटर तिच्याशेजारी खाली टेकला आणि शब्द फोडून सांगू लागला. ‘शी’ला दीर्घ वेलांटी, रफार ‘वा’वर.

“पण ‘वा’वरच का, बाबा?”

पोरीच्या शंका संपता संपत नसत.

बायको गेल्यापासून पेंटरने एकच धसका घेतला होता. आईविना पोर म्हणून कुणी नावं ठेवायला नकोत. दिवसभर शिडीवर उभा, घरी आला की शेगडीपुढे उभा. गणवेशाला कडक इस्त्री, भांग केसभर हलला तर वेणी पुन्हा पहिल्यापासून. स्वतः जेवायचा तोही ओट्यापाशी, उभ्या उभ्या.

“अहो, जरा दम खा,” शेजारीण म्हणायची.

“पाटी वाकडी लागली की जन्मभर वाकडीच दिसते, वहिनी.”

पण परवा शिडीवरच त्याचा डोळा लागला. पडता पडता वाचला. ते सांगायलाही घरात मोठं कुणी नव्हतं, याचं त्याला जास्त वाईट वाटलं. एवढी हाडं झिजवूनही पोरगी कच्ची ती कच्चीच.

शेवटी लाज बाजूला ठेवून तो ठकीला घेऊन शाळेत गेला. दारातल्या फळ्यावर सुविचार होता. धंद्याच्या सवयीने त्याने अक्षरं तपासली. ओळ सरळ. ‘आशीर्वाद’ही बिनचूक. बाईंचा हात चांगला आहे, त्याला वाटलं.

“बाई, हिची शिकवणी घ्या. शुद्धलेखनात मी कमी पडलो.”

“शिकवणी नको,” ठकीने त्याची बाही घट्ट धरली.

बाई बघतच राहिल्या. “हिला कशाला? दारातला फळा रोज हीच लिहिते. वर्गाच्या चुकाही हीच काढते.”

पेंटर ठकीला घेऊन बाहेर आला. फाटकापाशी त्याचा आवाज चढला. “मग घरीच कशी गं चुकतेस? बापाची थट्टा करतेस?”

ठकीचे डोळे भरले.

“चुकलं की तेवढेच तुम्ही खाली बसता, बाबा.”